घाटावरचा कान, घाटाखालचा कान

बुलढाणा जिल्ह्यातली दोन माणसं परमुलखात भेटली, की आडनावाच्याही आधी एक चौकशी होते : घाटावरचे की घाटाखालचे? बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. राजूरचा घाट उतरताना एप्रिल महिन्यात पहिली झळ कुठल्या वळणावर लागते, हे त्या मार्गावरचा एसटीचा कंडक्टर डोळे मिटून सांगेल. घाट उतरला की हवा बदलते, पीकपाणी बदलतं, उन्हाळ्यात निजायची जागा बदलते. हेडफोनही बदलावा लागतो, एवढं मात्र कुठल्याच परीक्षणात वाचायला मिळत नाही.

ही परीक्षणं बहुतेक थंड, शांत खोल्यांत बसून लिहिलेली असतात. आवाजाला एक रकाना, आरामाला दुसरा. आवाजाला दहापैकी नऊ, आरामाला सात, बेरीज करा आणि घ्या. मला हे रकानेच पटत नाहीत. पॅड कानाभोवती नीट बसला नाही की खर्ज गळतो. म्हणजे चष्म्याच्या काडीने कानामागे केलेली फट हा आरामाचा प्रश्न आणि आवाजाचाही. घामाने पॅड चिकटला की माणूस तो हलवतो, हलवला की स्वराचा तोल हलतो. अर्ध्या तासाने कानाची पाळी ठणकू लागली, की पुढचा ख्याल कितीही रंगो, ऐकू येते ती पाळीच.

मधल्या किमतीचा हेडफोन म्हणजे साधारण दहा ते तीस हजारांतला. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे दोन क्विंटलपासून साडेपाच क्विंटलपर्यंत सोयाबीन डोक्यावर घ्यायचं, तेही हमीभाव खरोखर हातात पडला तर. ‘त्यात एवढं काय ऐकू येतं?’ हा घरच्यांचा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त आहे, आणि त्याला आकड्यांत उत्तर देता येत नाही.

माझ्यासमोर चार होते. एक माझा, बाकीचे भाच्याचे आणि पुण्याच्या मित्राचे. सेनहायझरचा एचडी ६००, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स आणि हायफायमॅनचा सुंदरा. पहिला १९९७ सालचा. तेव्हापासून फोन किती बदलले ते आठवा, आणि हा गडी रंगाचा थोडा फेरफार सोडला तर तसाच बाजारात उभा आहे. पाठ उघडी, जाळीची. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू येतं. डीटी ७७० बंद पाठीचा, पण पॅड मखमली कापडाचे. एम५०एक्सही बंद, त्याचे पॅड नकली चामड्याचे. सुंदरा पुन्हा उघडा. त्यात नेहमीच्या शंकूऐवजी चुंबकांच्या रांगेसमोर ताणलेला पातळ पडदा कंप पावतो.

तुलना करताना एक पथ्य पाळावंच लागतं. दोन हेडफोनांचा आवाज सारख्याच पातळीवर लावायचा. एखादा डेसिबलभर मोठा वाजला तरी कान लगेच त्याच्या बाजूने साक्ष देतो, आणि आपल्याला वाटतं की तो जास्त स्वच्छ आहे. दुकानदारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यात एचडी ६०० चा रोध ३०० ओहम, एम५०एक्सचा ३८. त्याच फोनला, त्याच बटणावर दुसरा गर्जतो आणि पहिला पुटपुटतो. एचडी ६०० ला फोनच्या भरवशावर सोडायचं नसतं. आवाजाला जोर देणारा एक छोटा डोंगल जोडावाच लागतो.

ऐकायचं काय, हा खरा प्रश्न. जगभर हेडफोन पारखायला जॅझ आणि रॉकच्या ठरलेल्या ध्वनिमुद्रिका वापरतात. आपण आपलं लावावं. बुलढाण्याच्या माणसाने तर मेहकरचं लावावं. ना. घ. देशपांडे मेहकरला वकिली करत आणि कविता लिहीत. त्यांची ‘शीळ’ ही कविता १९३० च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशींनी एचएमव्हीसाठी गायली, आणि मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रिकांची वाट तिथून सुरू झाली असं मानतात. घाटावरच्या एका तालुक्याच्या गावातले शब्द तव्यावर चढून घरोघर गेले. ही मुद्रिका चारही हेडफोनांवर एकामागून एक ऐकणं हा मोठा शिकवणारा प्रकार आहे.

त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीनेक मिनिटं मावत. पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाण्याचं फारसं काही नसतं. जे असतं ती सुईची खरखर. आता डीटी ७७० चा स्वभाव असा, की वरच्या पट्टीत, आठ हजारांच्या आसपास, त्याला एक उंचवटा आहे. आजच्या ध्वनिमुद्रणात त्या उंचवट्यामुळे झांजेला धार येते. जुन्या तबकडीत तिथे झांज नाहीच, त्यामुळे धार येते ती खरखरीला. एम५०एक्स खालचं आणि वरचं दोन्ही फुगवतो; गाणारा दोन पावलं मागे सरकतो, आणि साथीला बसलेली मंडळी पुढे येतात. सुंदरा सगळं स्वच्छ पुसून मांडतो, एवढं की तबकडीवरचा चरा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कळतं. एचडी ६०० वर मात्र जोशी समोर येऊन उभे राहतात. खरखर असते, पण ती त्यांच्या मागे भिंतीपाशी राहते.

याचं कारण गूढ नाही. माणसाच्या कानाची नळी तीन हजार हर्ट्झच्या जवळपास स्वतःच गुंजते, त्यामुळे त्या पट्ट्यातलं आपल्याला सगळ्यात तिखट ऐकू येतं. गळ्यातला शब्द, व्यंजनाचा स्पर्श, स्वराची कड हे सगळं तिथे आणि त्याच्या थोडं खाली राहतं. तो मधला पट्टा ज्याला सरळ सांभाळता आला, त्याच्यावर माणसाचा आवाज खरा वाटतो. आपलं संगीत गळ्याचं. खालच्या खर्जात एचडी ६०० थोडा दुबळा आहे, डग्ग्याची घुमक पोटात जाणवत नाही; पण तंबोऱ्याचा खर्ज त्यावर बुडत नाही. जवारी नीट लागली असेल, तर त्या तारेतून इतके वरचे स्वर निघतात की मूळ स्वर अशक्त आला तरी कान तो आपल्या पदरचा भरून घेतो. निसर्गाने ही सोय फुकट दिली आहे, आणि कंपन्या तिचा फायदा घेतात. घेऊ देत.

किशोरी आमोणकरांचा भूप मी शेगावच्या आत्याच्या कानावर घातला. आत्या मऊ जुन्या लुगड्यातली, पदर डोक्यावरून, कानाच्या वरच्या कडेला बुगडी. परीक्षक असावा तर असा. एम५०एक्सची वाटी लहान आणि उथळ. बुगडी आत दाबली गेली. महिना एप्रिलचा, कूलर बंद ठेवलेला. गाणं जेमतेम आलापीत होतं तेवढ्यात आत्या म्हणाली, “काढ रे बावा हे, कानाले भट्टी लागली.” मग एचडी ६०० दिला. त्याची पकड नवेपणी फार घट्ट असते. मी तो आधीच विश्वकोशाच्या जाड खंडावर चढवून रात्र-रात्र ताणून ठेवला होता. वाटी लांबट, मोठी. बुगडीसकट कान आत मावला. बराच वेळ ती बोलली नाही. मग हेडफोन कानावर असलेल्या माणसाचा आवाज वाढतो तसा वाढवून म्हणाली, “ही बाई तं माह्या मांडीले मांडी लावून बसली. श्वास घेते तेबी आयकू येते.”

हेडफोनच्या आरामाबद्दल इतकं वाचलं, पण बुगडीचा उल्लेख कुठे नाही. कुड्यांचा नाही, अंबाड्याचा नाही, गांधी टोपीचाही नाही. टोपीवरून पट्टा घेतला की वाट्या बोटभर वर येतात आणि टोपी काढायला सांगणं हे काही घरांत हेडफोनपेक्षा महाग पडतं. सुंदराचं वजन ३७० ग्रॅमच्या घरात. एचडी ६०० जवळजवळ शंभर ग्रॅमने हलका. तरुण मान हे पेलते. मणक्याचा त्रास असलेल्या माणसाने त्या शंभर ग्रॅमचा भाव आधी विचारावा आणि पडद्याच्या तंत्राचं कौतुक नंतर करावं.

आत्याकडे कूलर बंद होता, असं वर म्हटलं. तिथेच सगळं अडतं. घाटाखाली मार्चअखेरपासून पाऊस पडेपर्यंत कूलर बंद नसतो. खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर, त्यातली लाकडाच्या किसाची किंवा वाळ्याची ताटी, पाण्याचा पंप, आणि आत घोंघावणारा पंखा. उघड्या पाठीच्या हेडफोनवर हा कूलर थेट मैफलीत येऊन बसतो. विलंबित लय चालू आहे, मुखड्याआधीची ती रिकामी मात्रा येते, आणि त्या मात्रेत कूलर. आवाज वाढवला तर कानाला इजा, कूलर बंद केला तर जिवाला.

यातून सुटकेची एकच वेळ असायची. लाइन गेली की. कूलर थांबायचा, शेजाऱ्याचा टीव्ही थांबायचा, गल्लीतली पिठाची चक्की थांबायची, आणि फोन-डोंगलमधला जीव शाबूत असायचा. अंधारात, घामाच्या धारांत, उघड्या हेडफोनवर मी जे मारवे आणि पूरिया ऐकले, तसे नंतर कुठल्याही वातानुकूलित खोलीत वाजले नाहीत. पण हा काही खरेदीचा सल्ला होऊ शकत नाही. महावितरणच्या भरवशावर हेडफोन घेता येत नाही.

घाटावर मात्र उलटं. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. मे महिन्यातही पहाटे पंखा कमी करावा लागतो. इंग्रजी अंमलात साहेबांनी जिल्ह्याचं ठाणं इथे का ठेवलं, ते अशा पहाटे अंगाला कळतं. खिडकी उघडी, कूलरची गरज नाही, बोथ्याच्या जंगलाकडून येणारा वारा. उघडा हेडफोन इथे जिवंत होतो. बाहेर कोकीळ ओरडली तर तीही थोडी आत येते, पण ती कूलरसारखी ठाण मांडून बसत नाही.

टाळाबद्दल थोडं सांगायचं राहिलं. हेडफोनच्या वरच्या पट्टीची परीक्षा करायची, तर खरा टाळ जवळून ऐकलेला असावा. शेगावची पालखी आषाढीनंतर पायी परतते तेव्हा सिंदखेडराजा, लोणार, मेहकर असा रस्ता धरते. रस्त्याच्या कडेला उभं राहून पांढऱ्या वेषातल्या वारकऱ्यांची रांग समोरून जाऊ द्यावी. शेकडो टाळ एकाच ठेक्यावर पडतात, तेव्हा त्यात धार असते, पण टोचणी नसते. आघातामागून पितळेचा एक ऊबदार रेंगाळ येतो. डीटी ७७० आघात चोख दाखवतो आणि रेंगाळ खातो. सुंदरा रेंगाळ दाखवतो. एचडी ६०० दोन्ही जरा मवाळ करतो, आणि मला ते चालतं. मोकळ्या रस्त्यावर टाळ जसा येतो तसा यातल्या एकावरही येत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

नकली चामड्याचं म्हणाल तर, माझ्या एका जुन्या बंद हेडफोनचे पॅड दुसऱ्या उन्हाळ्यात सोलपटायला लागले. कंपनीचं नाव कशाला घ्या, घामापुढे सगळ्यांचीच सालं निघतात. काळे पापुद्रे कानाच्या घडीत, मानेवर, उशीवर. कार्यालयात एकाने विचारलं, “भाऊ, कानाले काय झालं?” मखमली कापडाला हा रोग नाही. ते घाम पितं आणि हवेवर सोडून देतं. थोडा खर्ज गळतो, थोडा बाहेरचा गोंगाट शिरतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात हा सौदा मी डोळे मिटून करतो.

तर माझा निकाल. घाटावर राहत असाल, गळ्याचं गाणं ऐकत असाल आणि खोलीत शांतता असेल, तर एचडी ६०० घ्या आणि डोंगलचे पैसे वेगळे काढून ठेवा. घाटाखाली असाल तर डीटी ७७० चा ८० ओहमवाला घ्या. बंद पाठ कूलरला बरंच बाहेर ठेवते आणि कापडी पॅड कान शिजवत नाही. त्याचा आठ हजारांजवळचा उंचवटा फोनमधल्या इक्वलायझरने चार-पाच डेसिबल खाली ओढा, मग त्याच्यावरही शब्द शब्दासारखा येतो. एम५०एक्स प्रवासाला आणि हिवाळ्याला चांगला. सुंदरा मित्राकडे जाऊन ऐकावा. कुठलाही घेण्याआधी चष्मा लावून, आणि घरात बुगडी किंवा टोपी असेल तर तिच्यासकट, निदान अख्खा एक ख्याल होईपर्यंत डोक्यावर ठेवून बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. आणि डीटी ७७० चे पॅड ओढले की निघतात. साध्या साबणाच्या पाण्यात हाताने धुवायचे आणि सावलीत वाळवायचे.