बल्बमधली साखर कोण खातं?

नांदेड-लातूरच्या कुठल्याही लॅबमध्ये साखरेसाठीचं रक्त फ्लोराइड बल्बमध्ये, म्हणजे फ्लोराइड घातलेल्या नळीत घेतात. कारण शरीराबाहेर आल्यावरही रक्तपेशींचं जेवण चालूच असतं. प्लेन बल्बमधली साखर त्या तासाला पाच ते सात टक्के संपवतात; पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील किंवा मे महिन्याचं ऊन असेल तर त्याहून वेगानं. फ्लोराइड हे जेवण हळूहळू थांबवतं. ज्याला आम्ही आजवर मोजणीतली अडचण समजत आलो, त्या खाण्यात आजार किती गंभीर आहे याची खूण दडलेली आहे, असं माझं मत आहे.

दाह मोजायच्या नेहमीच्या दोन चाचण्या जुन्याच: ईएसआरची वेस्टरग्रेन पद्धत 1921 ची, सीआरपीचा शोध 1930 चा. दोन्ही उपयोगी, पण दाह आहे, एवढंच त्या सांगतात. सीआरपी तर यकृत बनवतं, लढणाऱ्या पेशी नव्हेत. लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना जंतू दिसला की त्या प्राणवायू हाताशी असूनही साखर भराभर फोडू लागतात, कारण शस्त्रं बनवायला ऊर्जा लगेच हवी असते. 2016 मध्ये नेदरलँड्समधल्या मिहाई नेतेआ यांच्या गटानं दाखवलं, की सेप्सिसमध्ये प्रतिकारशक्ती बधिर झालेल्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत साखर फोडणं आणि प्राणवायू वापरणं, दोन्ही मंदावतं. म्हणजे शेजारशेजारच्या दोन खाटांवरच्या रुग्णांचा सीआरपी सारखाच चढलेला असेल. एकाच्या पेशी झुंजत असतील, दुसऱ्याच्या हात टेकून बसल्या असतील. हा फरक सीआरपीला दिसत नाही.

मग साखर फोडल्यावर उरणारं लॅक्टेट मोजतातच की, असं कुणी म्हणेल. सेप्टिक शॉकच्या 2016 च्या व्याख्येत लॅक्टेट लिटरमागे 2 मिलिमोलच्या वर असणं ही एक अट आहेच. पण तो साऱ्या शरीराचा जमाखर्च. त्यात स्नायू येतात, यकृत येतं, काही औषधंही येतात. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. 1968 मध्ये शस्त्रं बनवताना पांढऱ्या पेशींत उठणारी धग रंगानं ओळखणारी एनबीटी चाचणी जंतुसंसर्ग ओळखायला पुढे आली आणि निकाल भरवशाचे नसल्यानं त्या कामातून मागे पडली. माझ्या मते तिथं प्रश्नच चुकला होता. ‘संसर्ग आहे का?’ हे पांढऱ्या पेशींच्या मोजमापाला विचारू नये. ‘याच रुग्णाच्या पेशी कालच्यापेक्षा आज थकल्यात का?’ हे विचारावं. तिसरी अडचण खरीच आहे: पेशी जिवंत हव्यात, यंत्र महाग, आणि किनवटहून नांदेडला नमुना पोचेपर्यंत तास उलटतात. म्हणून पांढऱ्या पेशींचं खाणं मोजणारी ही चाचणी ग्रामीण रुग्णालयाची नव्हेच. विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था, जिथं आयसीयू आणि प्रयोगशाळा एका आवारात आहेत, तिथंच ती आधी पारखावी.

तोवर लॅब टेक्निशियन मित्रांना एक विनंती: लॅक्टेटचा नमुना फ्लोराइड बल्बमध्ये घ्या, बर्फावर पाठवा, आणि लेबलवर रक्त काढल्याची वेळ न चुकता लिहा.