खोडदच्या शिवारात तेराशे कोटी वर्षं

आम्ही वऱ्हाडातली माणसं. जुन्नर म्हटलं की शिवनेरी आणि नाणेघाट, एवढंच आम्हाला ठाऊक. मंचर, कळंब मागे टाकून नारायणगावला पूर्वेकडे वळलो. दोन्ही अंगांना कांदा, ऊस, बांबू-तारांवर चढवलेला टोमॅटो. त्या हिरव्या शिवारातून अचानक एक प्रचंड थाळी वर आली, आभाळाकडे तोंड केलेली, 45 मीटर व्यासाची. तिच्यामागे दुसरी, पलीकडे तिसरी. गाडीतली बडबड थांबली ती थांबलीच.

ही जीएमआरटी, मीटरभर लांबीच्या रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभारली. एकूण 30 अँटेना. त्यातल्या 14 खोडदजवळ दाटीने उभ्या आहेत, बाकीच्या 16 तीन दिशांना शेताशेतांतून पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पांगलेल्या. सगळ्यांनी टिपलेलं ऑप्टिकल फायबरमधून एका ठिकाणी येतं आणि तीस थाळ्या मिळून एकच अजस्र दुर्बीण होते.

जवळ गेलो तर थाळी भरीव नाहीच! बारीक पोलादी तारांची ताणलेली जाळी, तिच्यातून पलीकडचं आभाळ स्वच्छ दिसतं. भोकं मध्याजवळ 10 मिलिमीटरची, कडेला 20. वारा आरपार निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. मीटरभराच्या लहरीला ही जाळी भिंतीसारखीच.

विश्वाचं सर्वांत जुनं प्रारण मात्र मिलिमीटरच्या घरातलं. ते या भोकांतून निसटून जाईल. विश्व सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला तो प्रकाश आज 2.7 केल्विनपर्यंत निवला आहे. पेन्झियस आणि विल्सन यांना तो 1964 मध्ये अमेरिकेत सापडला, पुढे कोबे आणि प्लँक या उपग्रहांनी तो बारकाईने मोजला. खोडदने शोध घेतला तो त्याच्या नंतरच्या काळाचा. तेव्हा सगळीकडे हायड्रोजन होता आणि पहिले तारे त्याला नुकते पेटवू लागले होते. समईच्या उजेडासमोरून धूर सरकावा, तसा तो वायू त्या आदिप्रकाशासमोर ओळखायचा.

हायड्रोजनची खूण 21 सेंटिमीटरची लहर. विश्व पसरत गेलं तशी तीही ताणली गेली आणि आपल्यापर्यंत पोचेतो दोन मीटरची झाली. तेराशे कोटी वर्षांहून अधिक प्रवास करून आलेली ही लहर इतकी क्षीण की आपल्याच आकाशगंगेचा गोंगाट तिच्यापेक्षा हजारो पट मोठा. तो पुसून काढायला आकडेमोडीची पराकाष्ठा लागते. 2011 मध्ये इथल्या निरीक्षणांवरून संशोधकांनी जाहीर केलं, की खूण 70 मिलिकेल्विनपेक्षा मोठी नाही. दोन वर्षांनी त्याच गटाने, गोंगाट पुसताना खूणही थोडी पुसली जाते हे जमेस धरून, ती मर्यादा 248 वर नेली. ही प्रामाणिक माघार मला त्या थाळ्यांइतकीच भव्य वाटली.

दारातच एका मुलीने बजावलं, "काका, मोबाइल बंद. नुसता सायलेंट नाही चालत हं!" खिशातला फोन त्या लहरींपुढे फार मोठा गोंगाट करतो. पुणे-नाशिक नियोजित रेल्वेमार्ग या परिसरातून नेण्याचा वाद याच कारणाने पेटला. इथल्या लोकांना रेल्वे हवी आहे आणि ती त्यांना मिळायलाच हवी. पण रूळ दुसरीकडून नेता येतात. शेताशेतांत रोवलेली ही दुर्बीण उचलून नेता येत नाही.

ती आदिम खूण खोडदला अजून गवसलेली नाही. ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या एसकेए या दुर्बिणीकडे आता तिच्या शोधाची मोठी आशा आहे, आणि भारत त्या प्रकल्पात भागीदार आहे. दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं, शाळकरी पोरं आपापले प्रयोग मांडतात. शिवनेरीला याल तेव्हा वाट वाकडी करून इथे या, मुलांना आणा, आणि फोन गावाबाहेरच बंद करा.