आदाम झोपला होता

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाचा एक ज्ञानी माणूस चार गोष्टींपुढे हात टेकतो. गरुड आभाळातून कसा जातो, साप खडकावरून कसा सरकतो, जहाज समुद्रातून कसे वाट काढते आणि पुरुषाचे मन तरुणीकडे कसे धाव घेते, हे आपल्याला उमगत नाही, असे तो सांगतो. गरुड, साप नि जहाज तिघेही जातात आणि मागे माग उरत नाही. प्रीतीचेही तसेच. ती आली हे कळते, पण कुठल्या वाटेने आली ते शोधायला गेले तर जमिनीवर पाऊल उमटलेले दिसत नाही.

माझ्या मुलीने मला एकदा विचारले, ‘‘आई, बाबाच का गं?’’ मी पुष्कळ कारणे सांगितली. त्यांचा शांत स्वभाव, मंडळीत गाताना लागणारा त्यांचा आवाज, म्हाताऱ्या माणसांशी बोलण्याची त्यांची रीत. सांगता सांगता माझ्याच लक्षात आले की ही कारणे खरी आहेत, पण सगळी मागाहून सापडलेली आहेत. मन आधीच गेले होते.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाकडे मी म्हणूनच पुन्हा पुन्हा वळते. आदामाने साऱ्या प्राण्यांना नावे दिली. प्रत्येकाला त्याने पाहिले, ओळखले, पण सोबत कुणाचीच झाली नाही. मग देवाने त्याला गाढ झोप आणली आणि तो झोपेत असताना स्त्री घडवली. जागा झाल्यावर तिला पाहून तो जे बोलला, ते पवित्र शास्त्रात नोंदलेले माणसाचे पहिले बोलणे आहे, आणि ते काव्य आहे. ही आपल्याच हाडामांसाची, हे त्याने क्षणात ओळखले. मात्र ती घडत असताना तो जागा नव्हता. आपल्यापैकीही कुणी नव्हते. जिच्या आरंभी आपला हात नव्हता, ती गोष्ट आपली कमाई कशी म्हणावी? ती दान म्हणूनच घ्यावी लागते, आणि दानावर मालकी सांगायची नसते.

या ओढीची शास्त्राला लाज वाटत नाही. गीतरत्नात केस, डोळे, गंध, रात्रीची तगमग सारे मोकळेपणाने आले आहे. बाराव्या शतकातल्या क्लेअरव्होच्या बर्नार्डने या छोट्या पुस्तकावर 86 प्रवचने रचली आणि तरी तो तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापर्यंतच पोहोचला. तो संन्यस्त होता. त्याला त्यात जीव आणि ख्रिस्त यांची प्रीती दिसली. मला दोन्ही अर्थ हवेसे वाटतात. देवावरच्या प्रेमाबद्दल बोलायला माणसाला नवराबायकोच्या प्रेमाहून जवळची भाषा सापडली नाही, यात आपल्या संसाराचा मोठा मान आहे.

तरीही ओढ स्वतःची ग्वाही स्वतः देऊ शकत नाही. दावीद राजाने वाड्याच्या गच्चीवरून बथशेबेला पाहिले तेव्हाही ओढ खरीच होती, आणि त्या ओढीपायी तिचा नवरा उरीया याचा जीव गेला. म्हणूनच ख्रिस्ती लग्नाची रीत मला शहाणपणाची वाटते. लग्नाआधी तीन रविवार उपासनेत दोघांची नावे वाचून दाखवण्याची जुनी प्रथा आहे. कुणाची हरकत आहे का, एवढेच मंडळीला विचारले जाते. एकमेकांना का पसंत केलेत, हे वधूवरांना कुणी विचारत नाही. वेदीपुढे प्रश्न येतो तो पुढचा असतो. आजारपणात, गरिबीत, मरेपर्यंत हिच्यावर, याच्यावर प्रीती करशील ना? कालच्या गूढाचा हिशेब तिथे मागत नाहीत. उद्याचा शब्द मागतात.

हा शब्द काय करू शकतो, ते आपल्या मराठी मंडळीने कवी नारायण वामन टिळक आणि त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांच्या घरात पाहिले आहे. 1880 साली त्यांचे लग्न झाले, ते त्या काळाच्या रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांनी जुळवलेले. लक्ष्मीबाई तेव्हा लहान मुलगी होत्या. पुढे टिळकांचा तापट स्वभाव, न सांगता घर सोडून जाणे, हे सारे त्यांनी सोसले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. धर्मांतरामुळे जोडीदार सोडून गेला तर ख्रिस्ती झालेल्याला लग्न मोडून घेता येईल, असा कायदा 1866 पासून होता. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरला आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. कुणी जबरदस्ती केली नाही. मनातल्या गाठी त्यांच्या त्यांनीच सोडवल्या आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. टिळक 1919 मध्ये गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी नवऱ्याचे दोष झाकले नाहीत, तरी पानापानांवर त्याच्यावरची माया ओसंडते.

या लग्नाला ओढीचा आरंभ नव्हता. ओढ संसारात आली, भांडणांतून आली, विरहात वाढली. ती नेमकी कधी उपजली, हे ‘स्मृतिचित्रे’ कितीही वेळा वाचले तरी मला दाखवता येत नाही. तेव्हा प्रेमविवाह असो की ठरवलेला, आगूराचे कोडे दोन्हीकडे सारखेच उभे राहते.

इफिसकरांस लिहिताना पौल लग्नाला मोठे रहस्य म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात पहिल्या नजरेची जादू नसते. दोघे एक होतात, या गोष्टीतून ख्रिस्त आणि मंडळी यांचे नाते त्याला दिसते. आणि ख्रिस्ताने मंडळी सुंदर आहे म्हणून तिच्यावर प्रीती केली नाही. त्याच्या प्रीतीने ती सुंदर होते. माझा सारा विश्वास या वाक्यावर उभा आहे, आणि माझा संसारही. ‘बाबाच का’ याचे उत्तर मी मुलीला कधी देऊ शकेन असे वाटत नाही. पण तिने स्वतःचा माणूस निवडला, म्हणजे एवढे मात्र सांगेन: तो का आवडला याचा शोध घेत बसू नकोस. त्याच्यावर रोज प्रीती कर. देवाने तुला झोपेत जे दिले, ते जागेपणी सांभाळायचे काम तुझे आहे.