साठ केबींचा मोर

अहो, ६० केबी! ब्लाउजच्या पाठीवर भरायचा अख्खा मोर, चांगला वीस हजार टाक्यांचा, आणि फाइल जेमतेम ६० केबींची! रोज सकाळी फोनवर येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा याहून जड असतो. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं पंचिंग, म्हणजे चित्राचे मशीनसाठी टाके मांडणं, शिकायला लागल्यापासून भेटेल त्याला मी हे सांगत सुटलेय.

गंमत कशी आहे बघा. मशीनला द्यायच्या या डीएसटी फाइलमध्ये एक टाका फक्त ३ बाइटमध्ये बसतो. १, ३, ९, २७ आणि ८१ एवढेच आकडे. कुणाला अधिक, कुणाला उणे लावायचं, की १२१पर्यंतचा कुठलाही आकडा तयार! माप मिलिमीटरच्या दहाव्या भागाचं, म्हणून एका टाक्यात आडवं किंवा उभं जास्तीत जास्त १२.१ मिमी जाता येतं. आणि रंग? तो फाइलमध्ये नसतोच! 'इथे दोरा बदला' एवढाच निरोप. फाइल पुन्हा उघडल्यावर मोर गुलाबी दिसला तर दचकू नका.

तर सांगायचा मुद्दा, एवढ्याशा फाइलसाठी लाल-निळे दिवे लुकलुकणारा गेमिंग लॅपटॉप कशाला? दुकानदार तोच पुढे सरकवणार. महागड्या ग्राफिक्स कार्डाला इथे फारसं कामच नाही. काम आहे ते प्रोसेसरला: टाक्यांमधलं अंतर ०.४० मिमीचं ०.४५ केलं, की हजारो टाके नव्याने मांडले जातात. बऱ्यापैकी नवा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी, बस्स.

वाचलेले पैसे पडद्यावर घाला! चोवीस इंची फुल एचडी मॉनिटर आणि हातात बसणारा साधा माउस. मोराच्या मानेच्या वळणावर एकेक बिंदू टाकायचा असतो. टचपॅडवर बोटं घासून ते व्हायचं नाही. आणि हे तर मला फारच आवडलं: सॉफ्टवेअर पडद्यावर दाखवतं त्या चौकोनाला चक्क फूटपट्टी लावायची, आलेलं माप सॉफ्टवेअरला सांगायचं, की डिझाइन पडद्यावर खऱ्या आकारात दिसतं. कापड तिथेच धरून बघा, मोर पाठीवर मावतोय का!

पण कॉम्प्युटरच्याही आधी सॉफ्टवेअर ठरवा. विल्कॉम आणि हॅच विंडोजसाठी बनलेली आहेत. मॅक घ्यायचा मोह होत असेल तर आधी विक्रेत्याला विचारा. जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल तर यूएसबीचं एक भोक त्यातच अडकतं. दुसरं पेन ड्राइव्हला लागणार, तेही मोजून घ्या.

आणि पैसे टाकण्याआधी इंकस्केपवर चालणारं इंक-स्टिच उतरवून घ्या. ते फुकट आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीवर चालतं. घरात पडलेल्या कॉम्प्युटरवर आज रात्रीच एखादं फूल भरून बघा. तो अडखळला नाही, तर नवा घेऊच नका!