भरलेलं टेबल

पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर आजीबाई भाजलेली टर्की ठेवताहेत, मागे आजोबा उभे, दोन्ही बाजूंना हसरे चेहरे. ना बंदूक, ना रणगाडा, ना शत्रू. तरीही हे युद्धाचंच चित्र आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जानेवारी १९४१च्या भाषणात चार स्वातंत्र्यं मांडली होती: भाषणाचं, उपासनेचं, अभावापासूनचं आणि भयापासूनचं. शब्द भारदस्त होते, पण सामान्यांच्या घरापर्यंत पोचत नव्हते. व्हरमाँटमधल्या आर्लिंग्टन गावी राहणाऱ्या चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांनी ते चार चित्रांतून पोचवले. अभावमुक्तीसाठी ते भरलेलं टेबल. गावसभेत बोलायला उठलेला, कामाच्या कपड्यांतला माणूस. झोपलेल्या लेकरांवर पांघरूण सारखं करणारी आई; शेजारी उभ्या बापाच्या हातात बॉम्बहल्ल्याची बातमी असलेलं वर्तमानपत्र. चित्रांसाठी बसले ते त्यांचेच शेजारीपाजारी.

वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांनी चित्रांची ही कल्पना आधी परतवून लावली. ती उचलली ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’चे संपादक बेन हिब्स यांनी. फेब्रुवारी-मार्च १९४३ मध्ये लागोपाठ चार अंकांत चित्रं छापून आली. नंतर मूळ चित्रं शहरोशहरी फिरली, बारा लाख लोकांनी ती पाहिली आणि तेरा कोटी डॉलर्सहून अधिक रकमेचे युद्धरोखे विकले गेले. शत्रूचा द्वेष पेटवणारी भित्तिचित्रं त्या काळात ढिगानं निघत होती. रॉकवेल यांची ताकद वेगळी. कशासाठी लढायचं, ते तुमच्याच घरात आहे, एवढंच त्यांनी दाखवलं.

पण कुणाच्या घरात? युद्धानं उपाशी झालेल्या युरोपात ते भरलेलं टेबल खुपलं. रॉकवेल यांनीही पुढे ते कबूल केलं.

आणि त्याच १९४३ साली बंगालमध्ये माणसं लाखोंनी भुकेनं मरत होती. चित्रकार चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडून काळ्या शाईत त्यांना रेखाटत होते. बरगड्या वर आलेली पोरं, ओसाड झोपड्या. त्यांची रेखाटनं मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ साप्ताहिकात येत. ‘हंग्री बंगाल’ ही त्यांची पुस्तिका मात्र ब्रिटिश सरकारनं जप्त करून जाळली. हे सरकार रूझवेल्ट यांचं मित्र, आणि अभावमुक्तीचं ते वचन तर साऱ्या जगासाठी होतं! कुटुंबानं जपलेल्या एका प्रतीवरून २०११ मध्ये पुस्तिकेची प्रतिकृती निघाली.

ती मिळवावी. रॉकवेल यांच्या टेबलाशेजारी उघडून ठेवावी आणि १९४३ हे साल दोन्ही चित्रांमधून एकत्र पाहावं.