वलूरकाच्या पायथ्याशी

पुण्याहून निघालेली लोणावळा लोकल तळेगावच्या पुढे गेली की डब्यातली गर्दी ओसरते आणि खिडकीतून येणारा वारा एकदम गार लागतो. जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. भात कापून झालेली खाचरं रिकामी पडलेली, बांधांवर पेंढ्याच्या गंजी, डोंगरावरचं गवत वाळून पिवळं झालेलं. वडगाव आलं. मुंबईहून घाट चढून आलेल्या इंग्रजी फौजेला जानेवारी १७७९मध्ये मराठ्यांनी इथेच कोंडलं आणि तहावर सही करायला लावली. याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी तांदूळ बाहेर पडला. मावळातल्या शेतकऱ्याला विचारलंत, तर तो यातली दुसरी गोष्ट जास्त जिव्हाळ्याने सांगेल.

माझ्या पाठपिशवीत टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली होती. नाशिकच्या यॉर्क वायनरीची ‘ॲरॉस’, शिराझ आणि कॅबरने सॉव्हिन्यॉन या दोन काळ्या द्राक्षांची मिळून केलेली लाल वाइन. गंगापूर धरणाच्या काठावर गुरनानी कुटुंबाने ही वायनरी उभी केली. योगिता, रवी आणि कैलाश या तीन भावंडांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं. धाकट्या कैलाशने ऑस्ट्रेलियात ॲडलेडला जाऊन वाइन करण्याचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन घरच्याच द्राक्षांवर ते वापरलं. २०२१ साली शेजारच्या सुला या मोठ्या कंपनीने यॉर्क विकत घेतली. माझी बाटली त्याआधीची, घरच्यांच्या हातची. काही वर्षं कपाटात तळाशी आडवी पडून होती. ती उघडायची तर मावळातच, हे मी केव्हाच ठरवलं होतं.

खरं तर मावळात द्राक्ष नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. त्या पावसात डावणी आणि करपा हे रोग वेलीवर पानही शिल्लक ठेवणार नाहीत. द्राक्ष हवं तर घाटमाथ्याच्या पूर्वेला, पावसाची धार बोथट होते तिथे जावं लागतं. नाशिक, नारायणगाव, सांगली, सोलापूर. तिथेही शेतकरी पावसाशी झुंजतच पीक काढतो. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, म्हणजे पावसाळ्यात वेल फक्त काडी तयार करते आणि घड भरतात ते कोरड्या थंडीत. युरोपात द्राक्षाची तोड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये. मी लोकलमध्ये बसलो होतो त्याच आठवड्यात नाशिकला तोड चालू असणार.

मग मावळच का? कारण देशावर वाइन पहिल्यांदा आली ती याच डोंगरांमधून, असं मला वाटतं. तीही दोन हजार वर्षांपूर्वी.

मळवलीला उतरलो. स्टेशनच्या एका अंगाला भाजे, वर लोहगड आणि विसापूर. दुसऱ्या अंगाला द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग ओलांडून कार्ला. रिक्षाने कार्ल्याच्या पायथ्याशी पोहोचलो. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना नारळ, ओट्या, हार, चुडे. एकवीरा ही कोळी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाची कुलदेवता, त्यामुळे पालघर-अलिबागेकडून आलेली कुटुंबं आजही इथे घाट चढून येतात. एका आजींनी मला थांबवून विचारलं, “बाबा, वर पाणी हाय का?” बाटलीभर पाणी त्यांना दिलं. दुसरी बाटली पिशवीत तशीच राहिली. देवीच्या दारात ती उघडायचा प्रश्नच नव्हता.

देवळाच्या मागेच लेणं आहे. कार्ल्याचं चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथे दुपार कलल्यावर जावं. समोरच्या घोड्याच्या नालेसारख्या मोठ्या कमानीतून ऊन आत शिरतं आणि खांबांच्या रांगेवरून हळूहळू स्तूपाकडे सरकत जातं. दालन सुमारे ३८ मीटर लांब आहे. छताला लावलेल्या लाकडी फासळ्या मूळच्या, दोन हजार वर्षांच्या. स्तूपावरची लाकडी छत्रीही तेव्हाचीच. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब. प्रत्येक खांब एका दगडी घटात उभा आहे, घटाखाली पायऱ्यांची चौकी, वर अष्टकोनी दांडा, आणि सगळ्यात वर गुडघे टेकून बसलेल्या हत्तींवर बसलेली माणसं. लाकडी बांधकामात खांबाच्या बुडाला वाळवी लागू नये म्हणून तो मडक्यात उभा करत, त्याची ही दगडातली आठवण, असं अभ्यासक सांगतात. त्या घटावर हात ठेवून मी बराच वेळ उभा राहिलो. काठ जिथे आत वळतो तिथे दगड लोकांच्या हातांनी गुळगुळीत झाला आहे.

आणि त्या खांबांवर नावं आहेत. मला इथे ओढून आणणारी गोष्ट हीच. बनवासी, म्हणजे वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल म्हणतो की हे शैलगृह त्याने पुरं केलं, आणि जंबुद्वीपात ते सर्वांत उत्तम आहे. पण त्याच्या एकट्याच्या पैशाने हे झालेलं नाही. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याने दर्शनी भागातलं एक दार दिलं. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दुसरं दार घडवलं. सोपाऱ्याच्या एका भिक्षूने एक खांब दिला. आणि कितीतरी खांब यवनांनी दिले. धेनुकाकटचा यवन सिंहध्वज, धेनुकाकटचा यवन धर्म... नावं भारतीय, पण ओळख यवन.

हे यवन म्हणजे थेट ग्रीसहून आलेले लोक होते, की इथेच स्थायिक झालेले आणि त्या नावाने ओळखले जाणारे, यावर वाद आहे. पण त्यांचा संबंध समुद्राशी आणि व्यापाराशी होता, याबद्दल फार कुणाला शंका नाही. सोपारा आणि कल्याणच्या बंदरातून बोरघाट चढून आलेला व्यापारी या दाराशी थांबत असणार. त्या काळी या डोंगराचं नाव वलूरक. इथल्याच एका लेखात या मुलखाचा उल्लेख ‘मामाल आहार’ असा आहे. आहार म्हणजे परगणा, आणि मामाल तेच आजचं मावळ. गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी हे सगळं शोधत या डोंगरांतून पायी हिंडले. नोकरी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, घर पुण्यात, रोजची ये-जा डेक्कन क्वीनने. गाडी याच घाटातून खाली जात असे. ती खिडकीतून दिसणारी वाट त्यांना केवढी जुनी वाटली असेल!

त्या व्यापाऱ्यांच्या बैलांवर काय काय होतं, याचा एक कागद शिल्लक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचं टिपण लिहून ठेवलं, ‘पेरिप्लस’. भडोचच्या बंदरात काय उतरतं याच्या यादीत त्याने पहिलं नाव घेतलं ते वाइनचं. इटलीची सगळ्यात जास्त, शिवाय सीरियातल्या लाओदिकीयाची आणि अरबस्तानची. पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, ही आतली शहरंही त्याला माहीत आहेत. आणि हा पुरावा नुसता कागदावर नाही. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी सहकाऱ्यांसह १९५४ ते ५६मध्ये नेवाशाला उत्खनन केलं, तेव्हा भूमध्य समुद्राकडच्या लांबट सुरयांची खापरं प्रवरेच्या काठावर सापडली. दोन कान, निमुळतं बूड, आतून डांबरासारखा राळेचा लेप, म्हणजे वाइन झिरपू नये. तेल आणि माशांचा रसही अशाच सुरयांतून येई. पुढे कळलं की देशभर ‘रोमन’ म्हणून नोंदलेली बरीच खापरं इराणी आखाताकडची आहेत. मला त्याने वाईट वाटलं नाही. उलट पेरिप्लसमधली अरबस्तानची वाइन त्यातून जास्त खरी झाली.

सहाच्या सुमाराला ऊन स्तूपावर चढलं आणि रखवालदाराने शिट्टी वाजवली.

भाज्याला दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. ते कार्ल्याहून जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. साधं, उघडं, आणि मला अधिक आवडणारं. तिथे एका विहारात रथावर बसलेला सूर्य कोरला आहे, आणि शेजारी हत्तीवरचा इंद्र. शेवटाकडे चौदा छोटे स्तूप एकमेकांना खेटून उभे आहेत, जणू एखाद्या घरातली माणसं अंगणात जमली आहेत. तिथे मी फार बोलत नाही. यायचं, बसायचं, परत जायचं.

बाटली उघडली ती मात्र कार्ल्याच्या संध्याकाळी, पायथ्याच्या गावात, मित्राच्या घरी. मित्र भातशेती करतो, इंद्रायणीच. ओसरीवर मी वाइन एका काचेच्या जगमध्ये ओतली आणि अर्धा तास तशीच ठेवली. चुलीवर काकूंनी कोंबडीचा रस्सा केला होता, आणि ताटात वाफाळता इंद्रायणी भात. तो भात चिकट असतो, हाताला धरतो, आणि त्याचा वास स्वयंपाकघर सोडून अंगणापर्यंत येतो.

काकू म्हणाल्या, “वाइन म्हंजे दारूच की रं?”

“दारूच, काकू. पण द्राक्षाची.”

त्यांनी पेला नाकाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. “जांभळाचा वास येतोय. आणि मिऱ्याचा,” म्हणाल्या आणि पेला खाली ठेवला. प्यायल्या नाहीत. पण वाइन चाखणारे शिराझबद्दल जे सांगतात ते त्यांनी नुसत्या वासावर सांगितलं.

कॅबरने एकटी असली की कडक लागते. जिभेवर सुपारीसारखी तुरट, कणा ताठ, पण मध्ये थोडी पोकळ. शिराझ त्या पोकळीत भरते. तिचा रस दाट, फळांचा आणि मिऱ्याचा. म्हणून ऑस्ट्रेलियात ही जोडी फार जुनी आहे, आणि ॲडलेडला शिकलेल्या मुलाने नाशिकला येऊन तीच करावी, यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्येही बोर्दोची वाइन जास्त भरदार व्हावी म्हणून तिच्यात ऱ्होन खोऱ्यातली शिराझ मिसळत असत. शिराझ नावावरून ती इराणमधून आली असं लोक मानत. डीएनए तपासणीने ती समजूत खोडून काढली. तिचे आईबाप दोघेही फ्रान्सचेच निघाले. कॅबरने तर खुद्द दोन द्राक्षांचं लेकरू, एक काळं आणि एक हिरवं. म्हणजे या पेल्यात दोनच नावं आहेत असं बाटली सांगते, पण मागे मोठं गणगोत आहे.

पहिला घोट घेतला आणि मला कार्ल्याचे खांब आठवले. मिसळलं की सगळं एक होतं आणि कुणाचंच उरत नाही, अशी मला भीती असते. वाइनमध्ये आणि माणसांतही. या पेल्यात तसं झालं नव्हतं. तुरटपणा वेगळा कळत होता, मिऱ्याचा झणका वेगळा. चैत्यगृहातही तेच झालं आहे. गंधी, सुतार, भिक्षू, यवन, वैजयंतीचा श्रेष्ठी. दालन सगळ्यांचं एकच, पण प्रत्येकाने आपल्या खांबावर आपलं गाव आणि आपलं नाव लिहून ठेवलं.

मित्राला वाइनपेक्षा रस्सा आवडला. मला दोन्ही एकत्र आवडलं, कारण रश्शातल्या तेलाला वाइनचा तुरटपणा बरोबर कापत होता. रात्र झाली. डोंगरावर एकवीरेच्या देवळाचे दिवे लागले होते, आणि घाटात मालगाडी इंजिनं जोडून चढत होती, मागून ढकलणारी आणि पुढून ओढणारी. १८६३मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हापासून हा आवाज इथल्या लोकांच्या झोपेत आहे.

निघताना रिकामी बाटली मी पिशवीत घालायला गेलो.

“अरे, फेकणारंस का काय?” काकूंनी ती हातातून घेतली, हौदाच्या नळाखाली तीन-चारदा विसळली, उलटी करून ओसरीच्या कठड्यावर ठेवली. “काच चांगली जाड हाय. खुरासणीचं तेल भरून ठेवते.”