तपकिरी वायर कुठे जाते?

पूर्वी ट्रकची वायरिंग कुणी बदलत नसे, ती वाढत जायची. टेललाइट लागेना झाली की वायरमन जुनी वायर कुठे तुटलीय ते शोधत बसायचा नाही. बॉनेटपासून फाळक्यापर्यंत नवी ओढायचा आणि जुनी तिथंच चेसिसला लोंबकळत ठेवायचा. गाडीने चार मालक बघितले की तिच्या अंगावर चार मालकांच्या वायरी.

उद्यमनगरात मित्राच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या टाटा मर्सिडीज-बेंझचं हेच झालं होतं. टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून 1954 साली जमशेदपुरात हे ट्रक करायला घेतले. 1969 मध्ये करार संपला आणि बॉनेटवरचा तीन टोकांचा ताराही गेला. या गाडीवर तो अजून आहे. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे सगळं मार्गी लागलं, पण डॅशबोर्डमागे हात घातला तर भाराभर वायरी बाहेर आल्या. त्यात घरातल्या पंख्याची जोडवायर होती, ट्रॅक्टरची होती, आणि कुणीतरी टेप ऐकायला ओढलेली स्पीकरची वायरही होती. मूळच्या वायरीचं सुती वेष्टण काळं पडलेलं, आतलं रबर वाकवलं की भुगा होऊन पडत होतं. ठिगळं लावण्यात अर्थ नव्हता. अख्खी वायरिंग नव्याने बांधायची ठरलं.

माझ्या लहानपणी आमच्या वडिलांच्या गाड्या गूळ घेऊन मुंबईला जायच्या. हायवेच्या कडेला एका मिस्त्रींचं दुकान होतं, तिथं मी तासन्‌तास बसायचो. दुकान म्हणजे पत्र्याची खोली, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचा आंबट वास आणि खिळ्यांना टांगलेली वायरींची वेटोळी. वायर मागायची ती ‘चौदा-छत्तीस’ नाहीतर ‘चाळीस-छत्तीस’. म्हणजे छत्तीस गेजच्या इतक्या तारा एकत्र पिळलेल्या. मीटर बिटर नव्हता. होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढा टेस्ट लॅम्प. एक टोक चेसिसला धरायचं, दुसरं वायरीला टेकवायचं. दिवा किती पिवळट लागतो त्यावरून ते सांगायचे, ‘फ्यूजपाशी गंज हाय, फुडं जाऊ नगंस.’

अंगावर वायरी घेऊन ते गाडीखाली सरकले की मी बाहेरून पाने द्यायचो. त्यांनी मला शिकवलेली एकच गोष्ट आज उपयोगी पडतेय. लेलँडच्या गाडीत ब्रिटिश पद्धत, तिथं तपकिरी वायर म्हणजे थेट बॅटरीचा करंट आणि काळी म्हणजे अर्थ. मर्सिडीजमध्ये जर्मन पद्धत, तिथं तपकिरी म्हणजे अर्थ आणि बॅटरीची वायर लाल. एकाच दुकानासमोर दोन्ही गाड्या उभ्या असायच्या. एकीतली सवय दुसरीत नेली की ठिणगीच. म्हणून मिस्त्री रंग बघायचेच नाहीत. ‘रंगाला भुलू नगंस, वायरच्या मागनं जा,’ म्हणायचे. आणि खरंच, एक हात वायरीवर ठेवून बॉनेटपासून केबिनमागपर्यंत चाचपत जायचे.

डिझेल गाडीची एक मजा होती. तिला ठिणगी लागत नाही. सेल्फ गेला तर चार माणसांनी ढकलायची, नाहीतर उतारावर सोडायची. एकदा सुरू झाली की बॅटरी काढून ठेवली तरी इंजिन चालायचं. त्यामुळे वायरिंगचं काम कायम ‘पुढच्या फेरीला बघू’ या सदरात. हॉर्नला वायर नकोच, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला रबरी फुग्याचा भोंपू. इंडिकेटर म्हणजे डावीकडे क्लीनरचा हात.

आता शेडमध्ये आम्ही हार्नेस बांधतोय तो आधी फळीवर. आठ फुटी प्लायवुड आडवा टाकला, त्यावर कागद चिकटवला, जुना हार्नेस ताणून ठेवला आणि जिथून फाटा फुटतो तिथं खिळा ठोकला. हेडलाइटचा फाटा, हॉर्नचा, डायनामोचा, केबिनचा. मग त्या खिळ्यांमधून नव्या वायरी एकेक करून टाकायच्या, वळणाशी थोडा सैलपणा ठेवून. जर्मन गाडीचं एक बरं असतं, प्रत्येक टोकाला ठरलेला आकडा आहे: 30 म्हणजे बॅटरी, 15 म्हणजे चावीनंतरचा करंट, 31 अर्थ, 56 हेडलाइट, त्यातही 56ए अप्पर आणि 56बी डिपर. स्विचच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. माती खरवडली की नकाशा समोर. मिस्त्रींना हे आकडे माहीत होते की नाही, मला कधी कळलं नाही. त्यांनी विचारलेच नाहीत कुणाला.

वायर आता चौरस मिलिमीटरवर मिळते. हिशेब केला तर जुनी चाळीस-छत्तीस सव्वा मिलिमीटरच्याही आतच भरते. आम्ही हेडलाइटला अडीचची टाकली. डाग द्यायचा प्रश्नच नाही. मिस्त्रींची डागणी स्टोव्हवर तापायची, नवसागरावर घासली की पांढरा धूर निघायचा, आणि कथील चकचकीत पसरायचं तेव्हा बघत राहावं असं वाटायचं. पण कथील जिथं संपतं तिथंच वायर कडक होते आणि ट्रकच्या हादऱ्याने नेमकी तिथं तुटते. ॲसिड लावून दिलेला डाग असेल तर आतलं तांबं हिरवं होऊन जायचं. आता हातातल्या प्रेसने लग दाबतात. लगला दोन जोड्या पाकळ्या: पुढची तांब्याला धरते, मागची वरच्या कव्हरला. कट्‌ आवाज आला की काम झालं. वरून गुंडाळायची टेपही बिनगोंदाची, ताणून स्वतःवरच बसते. पूर्वीची टेप इंजिनच्या उष्णतेने पाघळून हाताला काळी चिकटायची. वायरच्या बाबतीत जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने एकदा ती चिकट टेप नखाने सोलून बघावी.

माझी तक्रार वेगळीच आहे. 2020 च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-6 ट्रकचा हार्नेस उघडायचं हायवेवरच्या वायरमनचं धाडस होत नाही. सेन्सरच्या बारीक वायरी, कंट्रोल युनिट, आणि दिवा लागला की आधी स्कॅनर. टेस्ट लॅम्प लावायला गेलं तर युनिटच जायचं. गाडी कमी वेळा बंद पडते, हे मान्य. पण पडली की टोइंगची वाट बघत ड्रायव्हर मोबाईलवर बोलत बसलेला दिसतो, गाडीखाली कुणाचे पाय दिसत नाहीत.

आमच्या ताऱ्यावाल्या गाडीत आम्ही एक लबाडी केलीय. मुळात हेडलाइटचा सगळा करंट डॅशच्या स्विचमधून, मग डिपरच्या स्विचमधून फिरून पुढं यायचा आणि वाटेतच निम्मा जीव गमवायचा. आम्ही बॅटरीच्या पेटीत दोन रिले लपवले. स्विचमधून आता नुसता इशारा जातो, करंट सरळ दिव्याला. पहिल्यांदा लावल्यावर समोरची भिंत इतकी उजळली की मित्राचे वडील ब्रश आणि काळा रंग घेऊनच आले. हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा करायचा, समोरच्याच्या डोळ्यांवर येत नाही, असंच करायचे सगळे, हे त्यांचं म्हणणं. मित्र म्हणतो, मग रिले कशाला घातले? डावा दिवा रंगवून झालाय. उजव्यावर वाद चालू आहे.